गॉगल नव्हता तेव्हा डोळे कोण सांभाळत होतं?

वर्सोवा कोळीवाड्यातल्या एकाने विचारलंय: ‘माझ्या आजोबांचं सगळं आयुष्य होडीवर गेलं, त्यांनी कधी गॉगल लावला नाही. वडील नाखवा आहेत, वय ५६. त्यांच्या डोळ्यात नाकाच्या बाजूने मांस वाढतंय. डॉक्टरांनी टेरिजियम सांगितलं. ऊन आणि वारा ही कारणं दिली आणि गॉगल वापरायला सांगितलं. वडील म्हणतात, बापजाद्यांनी कुठे गॉगल लावले होते? मलाही प्रश्न पडला, गॉगल निघायच्या आधी लोक उन्हात काय करायचे? आणि घ्यायचाच तर किती काळा घ्यावा?’

मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळ्यांचा नंबर तपासून चष्मा देणारी आहे, दादरला चष्म्याचं दुकान आहे. समुद्रावर जाणारे, बस चालवणारे, फुटपाथवर धंदा लावणारे, असे दिवसभर उघड्यावर असणारे लोक माझ्याकडे बरेच येतात. त्यातल्या बहुतेकांचं म्हणणं तुमच्या वडिलांसारखंच असतं, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. बापजाद्यांनी गॉगल लावले नव्हते हे खरंच आहे. पण म्हणून त्यांचे डोळे धड राहिले असं नाही. पन्नाशीनंतर नजर धूसर झाली की ‘आता वय झालं’ म्हणून माणूस ओट्यावर बसायचा, आणि त्याचा हिशेब कुणी उन्हाच्या नावावर मांडत नव्हतं. दुसरं म्हणजे, त्यांनी काहीच केलं नाही हेही खरं नाही. लोकांनी उन्हापासून डोळे वाचवण्यासाठी पुष्कळ काही केलंय, फक्त त्यात काळी काच फार उशिरा आली.

आधी एक गोष्ट वेगळी करून घेऊ, नाहीतर गॉगल विकत घेताना सगळा गोंधळ होतो. आपण सरसकट ‘ऊन’ म्हणतो, पण डोळ्याला त्यातून निरनिराळे त्रास होतात. एक चकाकी. ती दिसते, टोचते, डोळे आपोआप किलकिले होतात. दुसरे अतिनील, म्हणजेच यूव्ही किरण. ते दिसत नाहीत, टोचत नाहीत, आणि नुकसान वर्षानुवर्षं साठत जातं. होडीवर याच्या जोडीला वारा आणि खारं पाणी. माणसाने पूर्वापार झगडा केला तो चकाकीशी, कारण तीच जाणवते. अतिनील किरण आहेत हेच मुळी १८०१ साली कळलं, जर्मनीत येना इथे योहान रिटर याने चांदीच्या क्षारावर प्रयोग केला तेव्हा. त्याआधीच्या कुठल्याही माणसाने ‘यूव्हीपासून संरक्षण’ म्हणून काही केलं असणं शक्य नाही. तरीही त्यांच्या काही युक्त्या अतिनील अडवण्यात आजच्या कित्येक गॉगलांपेक्षा सरस होत्या.

सगळ्यात मोठं उदाहरण उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांचं. ताजा बर्फ अतिनील किरण ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. अशा बर्फावर उघड्या डोळ्यांनी दिवसभर शिकार केली की बुबुळावरचा वरचा थर अक्षरशः भाजतो. काही तासांनी डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं, पाणी वाहतं, उघडता येत नाहीत. मनालीला नाहीतर लेहला बर्फ बघायला जाऊन एकदोन दिवस खोलीत अंधार करून बसलेले लोक मी बघितलेत, तोच हा प्रकार. इन्युइटांनी कॅरिबू या तिकडच्या हरणाच्या शिंगाचा, वॉलरसच्या दाताचा किंवा वाहून आलेल्या लाकडाचा पट्टा कोरून डोळ्यांवर बांधला. त्यात काच नाही. समोर फक्त एक आडवी, बारीक चीर, आणि आतल्या बाजूला काजळी फासलेली, म्हणजे आतून उजेड परावर्तित होऊन डोळ्यात येऊ नये. गालाला, नाकाला नीट चिकटून बसेल असा आकार. वरून, खालून, बाजूने उजेड शिरायला जागाच नाही. बारीक चिरेतून बघितल्यामुळे नजर थोडी अधिक तीक्ष्णही होते. दूरचं नीट दिसत नसलं की आपण डोळे बारीक करून बघतो, त्यामागे हेच तत्त्व आहे. एक तोटा मात्र मोठा: आजूबाजूचं फारसं दिसत नाही.

माझं सगळं उत्तर या शिंगाच्या पट्ट्यातच आहे. शिंग अपारदर्शक. अपारदर्शक वस्तू निवड करत नाही, दिसणारा उजेड आणि न दिसणारे किरण दोन्ही सरसकट अडवते. रंगीत काच मात्र निवड करते. ती दिसणारा उजेड कमी करेल आणि अतिनील तसेच आत सोडेल, असंही होऊ शकतं. म्हणून डोळ्याच्या संरक्षणाचा विचार करताना ‘किती काळं?’ याआधी ‘कुठून येतंय आणि तिथे आड काय आहे?’ हे विचारावं लागतं.

आपल्याकडे काय होतं? इथे मला थोडं टोचून बोलावंसं वाटतं. आपली पागोटी, फेटे, मुंडाशी डोकं वाचवायला उत्तम. मागे सोडलेला शेमला मानेवर सावली करतो. पण डोळ्यांवर सावली पाडणारा काठ यातल्या कशालाच नाही. गांधी टोपीला नाही, कोळ्यांच्या पारंपरिक टोपीलाही नाही. मुंडाशाचा पुढचा पीळ कपाळावर ओढला तर थोडी मदत होते एवढंच. पुरुषांच्या सगळ्या शिरोभूषणांपेक्षा डोळ्यांसाठी जास्त कामाचा होता बायकांचा पदर. शेतात खुरपणी करणाऱ्या बाईने डोक्यावरून पदर घेऊन तो कपाळापुढे चार बोटं ओढला, की वरून छज्जा होतो आणि दोन्ही कानशिलांकडून पडदा. बाजूने येणारा उजेड अडवण्याचं महत्त्व पुढे सांगते, तेव्हा हा पदर लक्षात ठेवा. (आजकाल स्कूटरवर मुली अख्खा चेहरा रुमालात बांधतात आणि उघडे ठेवतात ते नेमके डोळे.) साहेबांनी इथल्या उन्हासाठी शोला नावाच्या पाणवनस्पतीच्या भेंडापासून केलेली सोला हॅट वापरली, तिचा काठ डोळ्यांसाठी बरा होता, पण ती पडली साहेबाची टोपी, आपल्या डोक्यावर काही रुजली नाही.

आपलं खरं संरक्षण डोक्यावर नव्हतं, वेळापत्रकात आणि घरात होतं. नांगर पहाटे धरायचा, दुपारी झाडाखाली अंग टाकायचं. कोकणातल्या घराचं छप्पर इतकं खाली उतरलेलं असतं की पडवीत वाकून शिरावं लागतं. ते पावसासाठी आहे हे खरं, पण त्याने आभाळाचा मोठा तुकडाच नजरेआड होतो. गिरगावातल्या जुन्या चाळींच्या लांब गॅलऱ्याही तेच करतात. खोलीत येणारा उजेड आधी गॅलरीत मुरतो. होडीवर यातलं काहीच नाही. ना छप्पर, ना झाड, ना दुपारची सुट्टी. म्हणून ‘बापजाद्यांनी गॉगल लावला नाही’ हे शेतकऱ्याने म्हटलं तर त्यात थोडं तथ्य आहे, नाखवाने म्हटलं तर फारच कमी.

काजळाबद्दल हटकून विचारलं जातं. प्राचीन इजिप्तमध्ये डोळ्यांभोवती जाड काळी रेघ ओढायचे, ती गॅलिना म्हणजे शिशाच्या खनिजापासून केलेली असे. डोळ्याखालचा भाग काळा केला की गालाच्या हाडावरून परावर्तित होणारी चकाकी थोडी घटते. अमेरिकेतले फुटबॉल खेळाडू डोळ्यांखाली काळे पट्टे ओढतात ते याचसाठी. पण हा फायदा चकाकीपुरता, आणि तोही थोडासाच. अतिनील किरणांशी त्याचा संबंध जवळजवळ नाही. बाजारातल्या काही सुरम्यांत आजही शिसं असतं, त्यामुळे लहान मुलांच्या डोळ्यांत ते घालूच नका.

रंगीत काचेकडे येऊ. रोमचा सम्राट नीरो ग्लॅडिएटरांच्या झुंजी पाचूतून बघायचा, असं रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलंय. तो पाचू आरपार बघायला होता की आरशासारखा, यावर अजून वाद आहेत, त्यामुळे नीरोला गॉगलचा जनक म्हणण्याची घाई नको. चीनमध्ये धुरकट स्फटिकाच्या चकत्यांचे चष्मे होते. मला त्यापेक्षा जवळचं वाटतं ते व्हेनिस, कारण तेही पाण्यावरचं शहर. १८ व्या शतकात तिथे होडीतून फिरणारे लोक हिरव्या काचांचे चष्मे लावत. नाटककार गोल्दोनीच्या नावावरून त्यांना गोल्दोनी म्हणतात. त्यातल्या काही जुन्या काचा हल्लीच्या यंत्रावर तपासल्या तर अतिनील किरण चांगले अडवतात असं आढळलं. यात जादू नाही. काचेत लोहाचा अंश असला की ती हिरवट होते, आणि लोह अतिनील शोषून घेतं. त्यांना हवा होता थंड वाटणारा हिरवा रंग, आणि मिळालं दोन्ही. याच शतकात, १७५२ च्या सुमारास, लंडनच्या जेम्स एस्कॉफने निळ्या-हिरव्या भिंगांची शिफारस केली, पण त्याच्या डोळ्यासमोर ऊन नव्हतं. पांढऱ्या काचेचा उजेड नजरेला त्रासदायक असतो असं त्याचं मत होतं. त्याला गॉगलच्या इतिहासात उगाच घुसवतात.

मुद्दाम अतिनील अडवण्यासाठी काच बनवली ती २० व्या शतकात, आणि तीही भट्टीवर काम करणाऱ्यांसाठी. काचेच्या कारखान्यातल्या कामगारांना लवकर मोतीबिंदू व्हायचा. ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम क्रुक्सने तीनशेहून अधिक प्रकारच्या काचा करून बघितल्या आणि सिरियम हा धातू वगैरे घालून उष्णता आणि अतिनील दोन्ही रोखणारी काच १९१३ च्या सुमारास तयार केली. जुन्या चष्मेवाल्यांच्या तोंडी ‘क्रुक्स’ हे नाव त्यावरूनच आलं. तिथून गॉगलची फॅशन व्हायला फार दिवस लागले नाहीत. १९२९ मध्ये सॅम फॉस्टरने अटलांटिक सिटीच्या समुद्रकिनाऱ्यावर सेल्युलॉइडचे स्वस्त गॉगल विकायला काढले. १९३० च्या दशकात एडविन लँडचा चकाकी कापणारा पोलरायझिंग फिल्टर गॉगलमध्ये आला, आणि १९३७ मध्ये वैमानिकांसाठीचा एव्हिएटर दुकानांत मिळू लागला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. कुलाबा कॉजवेपासून लिंकिंग रोडपर्यंत फुटपाथवर टांगलेले आहेतच.

आपल्याकडे काळ्या चष्म्याचं आणखी एक नातं मोतीबिंदूशी. पूर्वी ऑपरेशनमध्ये डोळ्यातलं भिंग काढून टाकायचे आणि आत दुसरं बसवायची सोय नव्हती. आपलं नैसर्गिक भिंगच अतिनीलचा मोठा भाग गिळत असतं. ते गेलं की डोळ्याचा आतला पडदा उघडा पडायचा, उजेडही असह्य व्हायचा. त्यामुळे काळा चष्मा लागायचाच. हल्लीच्या कृत्रिम भिंगांतच अतिनील रोखायची सोय असते, त्यामुळे आता तो मुख्यतः सुरुवातीच्या दिवसांत धूळ, हात आणि चकाकीपासून आडोसा म्हणून देतात. ‘डोळे आले’ की घरातले सगळे काळे चष्मे लावून बसतात, त्याने मात्र साथ थांबत नाही, फक्त लाल डोळे दिसत नाहीत.

आता तुमच्या वडिलांकडे. टेरिजियम जास्त करून नाकाच्याच बाजूने का वाढतं, यामागची एक पटणारी उपपत्ती आहे. कानशिलाच्या बाजूने तिरका येणारा उजेड बुबुळाच्या गोलाईतून वळतो आणि पलीकडे, नाकाकडच्या कडेवर एकवटतो. तिथे त्याची तीव्रता जवळजवळ वीसपट होऊ शकते. म्हणजे नुकसान करणारा उजेड समोरून नाही, बाजूने येतोय. समोर काळाकुट्ट आणि बाजूने मोकळा असा चपटा गॉगल त्यांच्या दुखण्यावर अर्धाच उपाय आहे. इन्युइटांचा गालाला चिकटलेला पट्टा आणि कानशिलापर्यंत ओढलेला पदर इथे बाजी मारतात.

वेळेचंही असंच. सूर्य डोक्यावर असताना भुवया आणि वरची पापणी डोळ्यावर सावली धरतात. जपानमध्ये पुतळ्याच्या डोळ्यांत मोजणी करणारे सेन्सर बसवून पाहिलं, तर सूर्याकडे तोंड असताना डोळ्याला सर्वांत जास्त अतिनील भरदुपारी नाही, सकाळी आणि दुपार कलताना, सूर्य खाली असताना मिळालं. पश्चिम रेल्वेवर संध्याकाळी विरार लोकलमध्ये डाव्या खिडकीत बसणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. तेव्हा ‘सकाळचं कोवळं ऊन आहे, गॉगल काय करायचा’ हे होडीवर चालत नाही. पातळ ढग असले तरी अतिनील बरंच आत येतं.

ऊन आणि डोळ्यांचा संबंध पक्का कसा मानायचा, असं वडील म्हणाले तर त्यांना त्यांच्याच धंद्यातल्या लोकांचं सांगा. अमेरिकेत चेसापीक उपसागरातल्या ८३८ मच्छीमारांची तपासणी करून १९८८ मध्ये निष्कर्ष छापून आले. ज्यांच्या डोळ्यांवर आयुष्यभरात अतिनील-ब (यूव्ही-बी, अतिनीलचाच एक प्रकार) दुप्पट पडलं, त्यांना भिंगाच्या कडेकडून सुरू होणाऱ्या मोतीबिंदूचा धोका १.६ पट होता. काठाची टोपी आणि चष्मा वापरणाऱ्यांच्या डोळ्यांवर हे किरण कमी पडत होते. आता हा धोका वडिलांना किती, हे ते कुठल्या वेळेला मासेमारीला जातात, केबिनमध्ये बसतात की नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर उभे असतात, मधुमेह आहे का, यावर अवलंबून आहे. ते इथे बसून मला सांगता येणार नाही. मांस बाहुलीच्या किती जवळ गेलंय आणि ऑपरेशन लागेल का, तेही डोळ्यांचे डॉक्टरच बघून सांगतील.

खरेदीचं बोलते. पहिली खरेदी टोपी. पुढे आणि बाजूंना काठ असलेली, हनुवटीखाली दोरी बांधता येणारी कापडी टोपी. क्रिकेटची पुढे चोच असलेली टोपी बाजूने उघडी पडते. टोपी अपारदर्शक आहे, तिच्यावर ‘यूव्ही ४००’ (अतिनील अडवत असल्याचा गॉगलवरचा शिक्का) छापलेलं आहे का बघावं लागत नाही.

मग गॉगल. कानशिलाकडे वळलेला, कपाळाला आणि गालाला जवळ बसणारा. भिंग शक्यतो पॉलिकार्बोनेट, कारण ते मुळातच अतिनील अडवतं आणि आपटल्यावर फुटून डोळ्यात जात नाही. रंग राखाडी किंवा तपकिरी. काळेपणा तिसऱ्या श्रेणीचा पुरे, म्हणजे ८ ते १८ टक्के उजेड आत येतो. त्याहून काळी चौथी श्रेणी समुद्रावर चालेल, पण तोच गॉगल लावून बंदरावरून घरी बाइक चालवत आले तर धोका. ती गाडी चालवायला चालत नाही.

फुटपाथवरचा २००-३०० रुपयांचा सगळा माल खोटा असं मी म्हणणार नाही. स्वस्त गॉगलमधलेही काही तपासणीत चांगले निघतात, आणि महागातला एखादा नापास होतो. ‘काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते म्हणून स्वस्त गॉगल न लावण्यापेक्षा वाईट’ हे तत्त्वतः बरोबर आहे, पण जरा जास्तच घाबरवून सांगितलं जातं. तपासून घ्या, संपला प्रश्न. बहुतेक चष्म्याच्या दुकानांत छोटं यंत्र असतं, भिंग मध्ये धरलं की अतिनील किती आत येतं त्याचा आकडा येतो. नाहीतर नोट तपासायचा ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च घ्या आणि अंधाऱ्या खोलीत ५०० च्या नोटेवर मारा, काही खुणा चमकतील. आता मध्ये गॉगलचं भिंग धरा. चमक गेली तर भिंग काम करतंय. तशीच राहिली तर तो गॉगल गणपतीत फोटो काढायला ठेवा. टॉर्च डोळ्यात मारू नका, आणि ३९५ चा जांभळा टॉर्च या कामाला भरवशाचा नाही.

पोलराइज्ड घ्यावा का? पाण्यावरची आडवी चकाकी तो खरोखर कापतो, पाण्याखालचं जास्त दिसतं, वडिलांना आवडेल. पण बोटीवर जीपीएसचा किंवा मासे शोधायच्या यंत्राचा पडदा असेल, तर काही कोनांत तो पोलराइज्ड भिंगातून काळा पडतो. घेण्याआधी दुकानात उभं राहून मोबाइलकडे बघत मान वाकडी करून बघा, लगेच कळेल. शक्य असेल तर बोटीवर नेऊन त्या पडद्यासमोर बघणं उत्तम. उजेडानुसार काळी होणारी फोटोक्रोमिक भिंगं केबिनच्या काचेमागे नीट काळी होत नाहीत, कारण त्यांना काळं व्हायला अतिनील लागतं आणि ते पुढची काच बऱ्यापैकी अडवते. वडिलांना नंबर असेल तर वळलेल्या फ्रेममध्ये मोठा नंबर नीट बसत नाही. तेव्हा चष्म्यावरून घालायचा मोठा गॉगल घ्या. दिसायला ध्यान दिसतो, पण बाजू झाकतो.

मागे दोरी लावा, नाहीतर पहिल्याच खेपेला दर्याला अर्पण. आणि एक गोष्ट त्यांना बजावून सांगा. खारं पाणी भिंगावर सुकलं की त्याचे खडे राहतात, ते लुंगीच्या टोकाने पुसले की भिंगावर बारीक ओरखडे पडतात. मग पुढे धूसर दिसतं आणि ‘गॉगल बेकार आहे’ म्हणून तो खिळ्याला लटकतो. आधी गोड्या पाण्याने धुवायचं, मग पुसायचं. प्यायच्या पाण्याच्या कॅनमधलं अर्धा पेला पाणी त्यासाठी बाजूला काढलं तरी पुरतं.